एकतीस नंबरचं घर

विजयमालाबाईंना कुणी काही खायला दिलं की त्या आधी देणाऱ्याच्या हातांकडे बघायच्या. एकदा प्राचार्यांच्या वाढदिवसाला केक कापला, पहिला तुकडा यांच्यापुढे आला, आणि यांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "मॅडम, हात धुतले ना?" सगळे हसले. प्राचार्याही हसल्या, पण तुकडा खाली ठेवून बेसिनकडे गेल्या.

त्यांच्याविषयी लिहायचं तर कुठून सुरुवात करावी हे मला कळत नाही. नेरूळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी रेकॉर्ड रूम सांभाळायचो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून तीन दिवस मला बोलवत, कारण कुठली जुनी फाईल कुठल्या कपाटात आहे हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं. विजयमालाबाई याच कॉलेजात शिकल्या आणि पुढे इथेच शिकवायला लागल्या. विद्यार्थिनी असल्यापासून त्या मला काका म्हणत.

त्यांचे वडील सयाजी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. मूळचे पाटणकडचे. ॲडमिशनच्या दिवशी ते थेट मार्केटातून आले होते, डोक्याचं फडकं तसंच गळ्यात. फॉर्मवर सही करताना मला म्हणाले, "सायेब, पोरगी जरा भित्री हाय. सांभाळून घ्या." मागून पोरगी म्हणाली, "आबा, मी भित्री नाही."

ती भित्री होती. पहिल्या वर्षी हाडांचा सापळा ठेवलेल्या खोलीत एकटी जायची नाही. पण पुढे त्यांचा दरारा असा झाला की ही गोष्ट कॉलेजात माझ्याशिवाय कुणालाच आठवत नव्हती. कम्युनिटी हेल्थ हा त्यांचा विषय. आजारी माणूस दवाखान्यात यायच्या आधी त्याच्या घरी जाऊन त्याला कसं बघायचं, ते मुलींना शिकवायचं. त्यासाठी आमच्या मुली कॉलेज सुरू झाल्यापासून दर गुरुवारी बसनं उरणजवळ मोरा बंदराला जात. जेट्टीमागच्या वस्तीतली चाळीस घरं आम्ही भेटींसाठी घेतली होती. मुलींनी घरी जायचं, वर्तमानपत्र अंथरून त्यावर बॅग ठेवायची, घरच्यांकडून पाणी मागून हात धुवायचे, मग बीपी बघायचं, विचारपूस करायची आणि कुटुंबपत्रक भरायचं. निघताना दाराच्या चौकटीवर खडूनं एक गोल काढून त्यात टिक करायची. हे घर झालं, असा त्याचा अर्थ. मोऱ्यातल्या लोकांनाही तो कळायचा.

गेल्या वर्षी त्यांना या विषयाचा नवा आराखडा करायला सांगितलं गेलं. विषयात काय शिकवायचं ते वरून ठरून येतं, पण तास कसे वाटायचे, मुलींना कुठे न्यायचं, त्यांच्याकडून काय करून घ्यायचं हे कॉलेजनं बसवायचं असतं. प्राचार्यांचं मत आधीच तयार होतं.

"विजयमाला, मोरा बंद करून टाकू या. अर्धा दिवस बसमध्ये जातो मुलींचा. आता आपली लॅब एवढी छान झाली आहे."

लॅब म्हणजे रबरी रुग्णांची खोली. सहा पुतळे पलंगांवर झोपवलेले असायचे. बटण दाबलं की त्यांची नाडी लागायची, छाती वरखाली व्हायची. डोळे मात्र कायम उघडे. एकदा मी तिथे रजिस्टर ठेवायला गेलो आणि कुणीतरी बटण बंद करायला विसरलं होतं. रिकाम्या खोलीत सहाच्या सहा जण छताकडे बघत श्वास घेत होते. मी रजिस्टर दारातच ठेवून परत आलो.

विजयमालाबाईंनी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि माझ्याकडे आल्या.

"काका, मोऱ्याची सगळी कुटुंबपत्रकं काढा. पहिल्या बॅचपासून. एवढ्या वर्षांत मुलींनी तिथे काय बघितलं ते मला वाचायचंय. त्यावरून ठरवते मोरा ठेवायचं की नाही."

आम्ही रेकॉर्ड रूमच्या फरशीवरच घरांच्या नंबरानुसार गठ्ठे लावले. त्या खाली मांडी घालून बसत आणि वाचत. चार दिवस गेले. मला दिसत होतं की एक गठ्ठा त्या दर वेळी उचलून सगळ्यांच्या खाली ठेवतात. चौथ्या दिवशी दुपारी तेवढा एकच उरला.

"एकतीस राहिलं," मी म्हणालो.

"ते नको. ते मला पाठ आहे."

त्या उठल्या, दार लावून घेतलं, आणि परत येऊन बसल्या.

"काका, मुली एकतीसविषयी काय बोलतात तुम्हाला माहीत आहे?"

माहीत होतं. होस्टेलमध्ये प्रत्येक नव्या बॅचला ते सांगितलं जायचं. मोऱ्याच्या शेवटच्या गल्लीत एकतीस नंबरच्या घरात एक बाई बसते. पांढऱ्या कपड्यात. हलत नाही. आत डोकावायचं नाही, बाहेरच टिक करायची आणि निघायचं.

"ती गोष्ट माझ्यापासून सुरू झाली," त्या म्हणाल्या. "२००५ साली, आमच्या पहिल्या बॅचला, एकतीस मला दिलं होतं. मी गेले. दार अर्धं उघडं होतं. आत काळोख. मी 'कुणी आहे का' म्हटलं आणि आत काहीतरी पांढरं होतं ते बोललं, 'कोन?' बस, एवढंच. मी पळाले, काका. गल्लीच्या टोकाला आल्यावर आठवलं की टिक राहिली. मग परत जाऊन, आत न बघता, हात लांब करून टिक केली. आणि रात्री होस्टेलवर बसून सगळं पत्रक मनानं लिहिलं. नाव शरीफा. वय पन्नास. मुलगा सुलेमान, जहाजावर कामाला. बीपी एकशे तीस ऐंशी. तक्रार नाही. मैत्रिणीला फक्त सांगितलं की तिथे काहीतरी आहे."

"मग पुढच्या मुलींनी?"

"पुढच्या मुलींनी काय लिहिलं ते मी कधी वाचलंच नाही. चौदा वर्षं मी सह्या करतेय. एकतीस आलं की शेवटचं पान उघडायचं आणि सही करायची."

आता माझी पाळी होती. मी सांगितलं नसतं तरी त्यांना कळलं नसतं. पण त्यांनी दार लावून घेतलं होतं, आणि त्या बंद खोलीत मला गप्प बसवेना.

नवीन मुली माझ्याकडे यायच्या. काका, पत्रक कसं भरतात, एखादा नमुना द्या ना. मी कपाटातून सगळ्यांत स्वच्छ अक्षराचं पत्रक काढून द्यायचो. कुठे खाडाखोड नाही, सगळे रकाने भरलेले. ते विजयमालाबाईंचं होतं, एकतीस नंबरचं. दर वर्षी मी तेच देत आलो होतो. ज्या मुलीला एकतीस मिळायचं तिला तर काही करायलाच नको होतं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काढा. वाचू या."

आम्ही पत्रकं वर्षांप्रमाणे लावली. अक्षर बदलत होतं, शरीफा तीच. दर वर्षी वय एकानं वाढवलेलं. एक बॅच वाढवायला विसरली, तेव्हा शरीफाचं वय वर्षभर थांबलं. मुलींनाही नुसतं उतरवून काढायची लाज वाटत असावी, कारण प्रत्येकीनं काहीतरी आपलं घातलं होतं. सुलेमानचं लग्न झालं. सुलेमानला मुलगी झाली. बीपी मात्र कायम एकशे तीस ऐंशी. कोविडच्या वर्षी कॉलेज बंद होतं, बस जागची हलली नव्हती, मोऱ्याला कुणीही गेलं नव्हतं. त्या वर्षीचंही पत्रक होतं. बीपी एकशे तीस ऐंशी. मुलगा घरी आला आहे, आईची काळजी घेतो. खाली विजयमालाबाईंची सही.

मला ते कागद हातात धरवेनात. ज्या बाईला कुणी पाहिलं नाही ती एकोणीस वर्षं आमच्या कपाटात म्हातारी होत होती.

विजयमालाबाईंचं लक्ष दुसरीकडे होतं. त्या बोटानं एकेक ओळ शोधत होत्या आणि मागच्या कोऱ्या पानावर उतरवत होत्या. २०११, अंधारात बसायची सवय. २०१४, सुई ओवता येत नाही असं शेजारी म्हणतात. २०१७, खिडकीतून डोळ्यात पांढुरकं दिसतं. २०१९, दिवा लावत नाहीत. मधल्या वर्षांत यातलं काही नाही, नुसती नक्कल. शेवटचं पत्रक राजनंदिनी नावाच्या मुलीचं होतं. त्यात शेवटची ओळ अशी होती: आवाज आला की मान वळते, डोळे वळत नाहीत.

ती ओळ वाचून मी गठ्ठा बांधायला दोरी घेतली. मी म्हणालो, "बाई, राहू द्या हे. मोरा बंदच करताहेत तर होऊ दे बंद."

"भुताला मोतीबिंदू होत नाही, काका."

"म्हणजे?"

"पाच वेगवेगळ्या मुली. एकमेकींना ओळखतही नाहीत. मोतीबिंदू असाच वाढतो, याच क्रमानं. हे कुणी मनानं लिहिलेलं नाही. आत कुणीतरी खरंच आहे आणि ती आंधळी होत चाललीये. आणि या प्रत्येक ओळीखाली माझी सही आहे." मग म्हणाल्या, "नाहीतर आता ती तिथे नसेलही. तेही मला कळायला पाहिजे. मोरा बंद झालं की त्या दारात परत कुणी जाणार नाही."

राजनंदिनीला बोलावलं. ती उंच, बडबडी मुलगी, पण त्या दिवशी दारातच उभी राहिली.

"एकतीसचं पत्रक तू लिहिलंस?"

"मॅडम, सॉरी मॅडम. सगळ्याच करतात मॅडम."

"ते नाही विचारलं. शेवटची ओळ कुठून आणलीस?"

"ती माझी आहे. आईशप्पथ मॅडम. पैज लागली होती. खिडकीतून बघितलं मी. आत कोणतरी बसलं होतं भिंतीला टेकून. माझा पाय डब्याला लागला, तर मान वळली. पण डोळे ना मॅडम, असे… समोरच राहिले. मी जाम टरकले. लिहू नको म्हणत होत्या सगळ्या, पण मला झोपच येईना. मला वाटलं लिहिलं तर कोणतरी वाचेल."

"कोणीतरी वाचेल," विजयमालाबाई म्हणाल्या. "जा तू."

आराखडा सोमवारी द्यायचा होता. मधे एकच गुरुवार होता. त्या दिवशी बसमध्ये बाई माझ्या शेजारी बसल्या. मी का गेलो ते सांगता येत नाही. त्यांनी बोलावलं नव्हतं, मी नको म्हणालो नव्हतो. गठ्ठा माझ्या पिशवीत होता. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "आबा म्हणायचे, पोरगी भित्री आहे. मला राग यायचा."

मोऱ्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. ओहोटी होती. जेट्टीच्या दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला होता आणि बोटी त्यात कलंडून होत्या. मुंबईची लाँच नुकतीच सुटलेली, त्यामुळे धक्क्यावर कुणी नव्हतं. मुली आपापल्या घरांकडे पांगल्या. आम्ही शेवटच्या गल्लीत वळलो. तिथे ऊन होतं, वाळत घातलेले बोंबील होते, एक मांजर होतं. पण माणसाचा आवाज कुठूनच येत नव्हता.

एकतीस नंबरची चौकट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बाकीच्या घरांवर खडूचे गोल पुसून जात, लोक रंग लावत. इथे कुणी हातच लावला नव्हता. खालपासून वरपर्यंत गोलावर गोल, टिकांवर टिका. पावसानं ओघळून चौकट पांढरी झाली होती. एवढ्या वेळा बघितलेलं घर सगळ्या मोऱ्यात दुसरं नव्हतं.

दार अर्धं उघडं होतं. विजयमालाबाईंनी कडी वाजवली. आत हालचाल नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या मागे सरतील असं वाटलं, पण त्या उंबऱ्यावर पाय ठेवून म्हणाल्या, "कुणी आहे का?"

"गुरवार हाय ना आज?" आतून आवाज आला. "या. पानी भरून ठेवलाय."

काळोखाला डोळे सरावायला वेळ लागला. आधी जमिनीवरचं वर्तमानपत्र दिसलं. नीट चौकोनी अंथरलेलं, कोपऱ्यांवर खडे ठेवून. त्याच्या शेजारी पाण्यानं भरलेली बादली, त्यावर तांब्या. बशीत साबणाची वडी. घडी केलेला पंचा. आमच्या मुलींना बॅग ठेवायला आणि हात धुवायला जे लागतं, ते सगळं. आणि त्याच्या मागे भिंतीला टेकून एक बारीकशी म्हातारी बसलेली. पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली. दोन्ही बुबुळं दुधासारखी.

विजयमालाबाई त्या वर्तमानपत्राकडेच बघत होत्या. मीच विचारलं, "हे कुणासाठी मांडलंय?"

"पोरींसाठी. बाजूच्या घरात येतात त्या. 'मावशी, हात धुवायला पानी द्या' करतात. 'पेपर हाय का जुना' करतात. आयकू येतं ना सगलं भिंतीतून. म्हनून मी दर गुरवारी मांडून ठेवते. माज्या भाच्याच्या, नदीमच्या घरनं पेपर येतो मच्छी बांधलेला, तो पुसून सुकवते."

"आणि मग?"

"मंग चपला वाजतात. दाराशी येऊन थांबतात. खडू घासल्याचा आवाज येतो. मंग जातात." तिनं हातानं वर्तमानपत्र चाचपून सरळ केलं. "यकदा हाक मारली. तर पोरी वराडल्या नि पलाल्या. मंग नाय मारली. कशाला घाबरवायची लेकरांना?"

विजयमालाबाईंनी बॅग उघडली नाही. आधी तांब्यानं पाणी घेऊन हात धुतले. इतका वेळ धुतले की मला वाटलं त्या थांबणारच नाहीत. मग म्हातारीसमोर बसून टॉर्च काढला.

"उजेड कुठून येतोय, सांगा."

डाव्या डोळ्यावर टॉर्च धरला तेव्हा म्हातारीनं बरोबर हात केला. उजव्यावर धरला तेव्हा ती म्हणाली, "लाव की." तो लावलेलाच होता.

"खाला, तुमचं नाव काय?" बाईंनी मावशीला म्हणतात तसं खाला म्हटलं; त्यांचा आवाज आता वर्गातल्यासारखा झाला होता.

"तुमाला नाय ठावं? येवढी वर्सं लिवताय ना. काय लिवलंय माज्यावर? वाच की जरा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनं नको म्हणालो. त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढला आणि वाचायला लागल्या.

"नाव शरीफा."

"ती कोन?"

"तुम्ही."

"मी रशिदा. बरं, पुडं वाच."

"मुलगा एक. सुलेमान. जहाजावर कामाला."

म्हातारीची मान वर झाली. "कोनाचा मुलगा?"

"तुमचा. खोटं आहे ते खाला. मी लिहिलं होतं. पहिल्या वर्षी मी आले होते. तुम्ही 'कोण' म्हणालात आणि मी…"

"पलालीस ती तू?" तिनं चेहरा पुढे आणला, जणू वास घेते आहे. "यक चप्पल राहिली तुजी. लय वर्सं ठेवली मी, नेशील म्हनून. मंग भरतीच्या पान्यात गेली. अगं, माजी इद्दत चालू होती तवा. मालक जाऊन वीस दीस जाले होते. घराभायर पडायचं नाय, कोनासमोर यायचं नाय. अंधारात बसलेली. तू आलीस तर मीच घाबरले." मग तिनं हात झटकला. "ते जाऊ दे. मला पोर नाय जालं कंदी. सुलेमान, सुलेमान. पुडं काय करतो तो?"

बाईंनी पान उलटलं. "२००८ साली त्याचं लग्न झालं."

"मला नाय बोलवला!" म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "पुडं?"

"२०१२ ला मुलगी झाली."

"अल्ला. पुडं?"

"कोविडच्या वर्षी तो घरी आला. तुमच्याजवळ राहिला."

म्हातारीची बुबुळं दाराच्या उजेडाकडे होती.

"बराय," ती म्हणाली. "त्या वर्साला इथं कुत्रं पन फिरकत नव्हतं. कोनतरी होता मंग."

विजयमालाबाईंनी गठ्ठा मिटला आणि माझ्याकडे दिला. त्या तिथेच जमिनीवर बसून रडल्या. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. म्हातारी चाचपडत त्यांचा खांदा शोधत होती आणि म्हणत होती, "काय जालं? सुलेमानला काय जालं का?"

एवढ्यात मागच्या दारानं एक बाई जेवणाचं ताट घेऊन आली. रशिदाखालाच्या भाच्याची, नदीमची बायको हादिया. आम्हाला बघून ती खूश झाली. "आज तुम्ही स्वतः आलात काय मॅडम? बरं झालं. खालाच्या डोळ्याचं औषध चालू आहे ना तुमच्याकडचं?"

"कुठलं औषध?" मी विचारलं.

"असं काय करता? दर गुरुवारी येतात ना पोरी. दारावर टिक असते. सरकारी ताई आली होती, ती पण टिक बघून म्हणाली, हे घर कॉलेजकडे आहे, ते बघतात. म्हणून आम्ही काही केलं नाही. म्हटलं, दोन दोन डॉक्टर नको." तिनं आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि ताट हळूच खाली ठेवलं. "चालू नाही काय?"

परतीच्या बसमध्ये राजनंदिनी मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून होती. विजयमालाबाईंनी तिला पुढे बोलावलं आणि सांगितलं, "तुझी ओळ बरोबर होती." एवढंच.

सोमवारच्या बैठकीत त्यांनी एकतीस नंबरचा गठ्ठा टेबलावर ठेवला, सर्वांत वर स्वतःचं पत्रक. प्राचार्या म्हणाल्या, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. बाई म्हणाल्या, आराखड्यात पहिल्याच तासाला हे वाचायचं लिहिलं आहे, माझ्या नावासकट. बराच वाद झाला. मला बाहेर बसवलं होतं, पण दार पातळ होतं. शेवटी मोरा राहिलं. नव्या आराखड्यात एका मुलीला एकच घर, चारही वर्षं तेच. नमुना पत्रक कुणाला द्यायचं नाही. लिहिलेलं सगळं त्या घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि त्यांनी होय म्हटल्याशिवाय त्यावर सही होणार नाही. चौकटीवर काहीही लिहायचं नाही. बाईंना एक मेमो मिळाला. तो त्यांनी मला फाईल करायला दिला, मी केला.

पुढच्या आठवड्यात पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रशिदाखालाला दाखल केलं. डॉक्टरांनी उजवा डोळा पाच मिनिटं तपासला आणि बाजूला होऊन बाईंना हळू आवाजात सांगितलं की त्यात काचबिंदू होऊन गेला आहे, आता तिथे काही करता येणार नाही. दहा वर्षांपूर्वी आणलं असतं तर वाचला असता. डाव्याची खात्री आहे, त्याचं ऑपरेशन आजच करू. बाई 'हो' म्हणाल्या. त्या दिवसभर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायच्या वेळी मीही गेलो होतो. दाराशी उभा राहिलो. नर्सनं पट्टी काढली, डोळा पुसला. म्हातारीनं पापणी मिटली, उघडली, परत मिटली. विजयमालाबाईंनी तिच्यासमोर हात धरला.

"खाला, किती बोटं?"

"तीन," म्हातारी म्हणाली. "नखं कापलेली."

बाईंच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच निघाला. म्हातारी हातावरून वर वर बघत त्यांच्या चेहऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"तू येवढी मोटी जालीस व्हय? मी पोरगीच समजत व्हते."

मग तिची नजर खोलीभर फिरली. पंखा, खिडकी, शेजारचा पलंग. शेवटी ती माझ्यावर आली. डावा डोळा माझ्याकडे होता. उजवा अजून भिंतीकडेच बघत होता.

"हे म्हातारे कोन?"

"हे आमचे काका. कॉलेजचे सगळे कागद हे सांभाळतात."

"माजे पन?"

"हो खाला. तुमचे पण."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत निरखून बघितलं.

"नीट सांभालले," ती म्हणाली. "येवढी वर्सं यक पन हरवला नाय."

ती मला टोमणा मारत होती की खरंच बरं म्हणत होती, ते तिच्या त्या एका डोळ्यात मला दिसेना. मी होय म्हणालो आणि बाहेर येऊन बाकावर बसलो.